गजभिये, मी तुला माझं गोत्र दिलं

गजभिये, गेल्या गुरुवारी गुरुजींनी तुझं गोत्र विचारलं आणि मी माझं सांगितलं.

'अत्री' म्हणालो. अडखळलो नाही, घसा खाकरला नाही, जणू तुझी मुंज मीच लावली होती. हे गुरुजी म्हणजे मेकॅनिकलचे तेलुगू प्रोफेसर. एरवी टर्बाइन शिकवतात आणि स्टेट कॉलेज या आमच्या अमेरिकन गावातल्या कुणा हिंदू घरात बरंवाईट झालं की कोटाच्या आतून पोथी काढतात. बिचाऱ्यांनी मला वाटही काढून दिली होती. "इफ यू डोन्ट नो, नो प्रॉब्लेम. वी से काश्यप," म्हणाले. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप, अशी सोय आमच्या पूर्वजांनी करून ठेवलेली आहे. मी ती सोयही घेतली नाही. लेले काका-काकू, पाच-सहा मराठी पोरं, तुझ्या हिस्टरी डिपार्टमेंटचे दोन गोरे प्रोफेसर, सगळे बघत होते आणि मला फक्त तो क्षण टळायला हवा होता. मग 'अत्रिगोत्रस्य मनोहरस्य' असं तुझ्या डोक्याशी उभं राहून तीनदा म्हटलं गेलं. आडनाव तिथंही लागलं नाही. तुला ऐकू आलं असतं तर तू त्या पेटीतून उठून विचारलं असतंस, "काय बोलून राहिला बे फडक्या?"

त्या वेळी माझ्या कोटाच्या खिशात तुझी वंदनेची पुस्तिका होती. निळ्या कव्हरची, कोपरे दुमडलेली. नागपूरहून तुझ्या ताईंनी फोनवर सांगितलं म्हणून मी ती तुझ्या ड्रॉवरमधून काढून नेली होती. ती खिशातच राहिली.

लेले काकांनी मला मराठी मंडळाच्या वार्तापत्रासाठी तुझ्यावर लिहायला सांगितलं आहे. "दोन परिच्छेद पुरेत. जन्म, शिक्षण, संशोधन, स्वभाव." प्रोफेसर माणूस, आउटलाइन दिल्याशिवाय राहवत नाही. मी तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो आणि पहिल्या शब्दालाच अडलो. तुझ्या जन्माबद्दल लिहायची लायकी मी घालवून बसलो आहे. म्हणून हे तुलाच लिहितो. काकांना काय द्यायचं ते नंतर बघू.

ब्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये तू आलास. 'मराठी रूममेट पाहिजे' अशी चिठ्ठी मी युनिव्हर्सिटीच्या बोर्डावर लावली होती. दार उघडलं तर दोन सुटकेसा घेतलेला माणूस, एकीत कपडे आणि दुसरीत लॅटिन. मी चोवीस वर्षांचा, पुण्याहून येऊन सिरॅमिक्समध्ये पीएच. डी. करणारा. तू चौतिशीचा, नागपूरच्या कामगार कोर्टात सात वर्षं वकिली केलेला, मग लॉ कॉलेजात रोमन कायदा शिकवता शिकवता त्याच्याच नादी लागून फेलोशिपवर इथं आलेला. मी साहजिकच 'तुम्ही' म्हणालो. "तुम्ही काय बे? मी काय तुझा सासरा आहे?" तेव्हापासून मी फडक्या आणि तू गजभिये. घरात चार वर्षं मी तुला दुसऱ्या कुठल्याही नावानं हाक मारली नाही. हे मी माझ्या बाजूनं सांगतो आहे असं समज, कारण माझ्या बाजूनं सांगण्यासारखं फार काही नाही.

तुझ्या शेल्फवर बुद्धाची वीतभर मूर्ती आणि शेजारी निळ्या कोटातला तो फोटो होता. पहिला आठवडाभर मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही आणि हा माझा मोठेपणा आहे असं मला वाटत होतं. शेवटी तूच म्हणालास, "विचार ना, काय विचारायचं ते." मी विचारलं, "कुकर तुझा वापरायचा की माझा?" तू इतका हसलास की वरच्या मजल्यावरच्या कोरियन मुलानं पाय आपटला.

आणि आपला तिसरा रूममेट म्हणजे तुझा रोमन. अठराशे वर्षांपूर्वीचा कायदेपंडित. त्याचं तीन तुकड्यांचं लांबलचक नाव मला कधी धड म्हणता आलं नाही, म्हणून मी त्याला 'शास्त्रीबुवा' म्हणायचो. तुला ते खपायचं नाही. "शास्त्री नको. गुलामाचा नातू आहे तो. वकीलसाहेब म्हण." भांडी घासता घासता तू मला वकीलसाहेबांची सगळी कारकीर्द सांगितलीस. आधी न्यायाधिकाऱ्याच्या कचेरीत लोकांचे अर्ज उतरवून घेणारे कारकून. मग भल्या सकाळी स्वतःच्या दारात बसून, येईल त्याला फुकट सल्ला देणारे. मग खुद्द सम्राटाच्या अधिकारानं मत देण्याचा परवाना मिळालेले. मग सम्राटाच्या सल्लागार मंडळात. मग समुद्रापलीकडे आफ्रिकेत एका प्रांताचे कारभारी. तिथून परतल्यावर माणूस कुठं गेला, कसा मेला, कुणाला पत्ता नाही. लिहिलेलं एकही पुस्तक उरलं नाही. तीन-चारशे वर्षांनी दुसऱ्या एका सम्राटानं जुन्या पंडितांच्या ग्रंथांतले उतारे काढून जाडजूड संग्रह करवला, त्यात यांचे मूठभर तुकडे. त्यातलेही निम्मे दुसऱ्या पंडितांनी 'हा असं म्हणतो, पण ते चूक आहे' हे सांगायला घेतलेले.

"म्हणजे भांडणापुरते उरलेत," मी म्हणालो.

"सगळे तेवढेच उरतात बे," तू म्हणालास आणि मला कढई पुन्हा घासायला लावलीस.

आजोबा गुलाम होता हे तुझ्या थिसिसचं मुख्य म्हणणं. पुरावा काय, तर नावाचा तिसरा तुकडा आणि निकालांचा कल. तुझ्या अ‍ॅडव्हायझरला ते पटत नव्हतं. नुसत्या नावावरून एवढं कसं सांगता येईल, असं तो दर भेटीत म्हणायचा. तू घरी येऊन बूट भिरकावायचास. "या माणसाला एकदा नागपुरात भाड्यानं खोली शोधायला पाठवलं पाहिजे. आडनाव सांगून."

त्या संग्रहातला एक खटला तू मला इतक्या वेळा सांगितलास की आता तो माझ्याच घरातला वाटतो. मालकानं मृत्युपत्रात लिहिलं, या दासीला तीन मुलं झाली की ती मोकळी. पहिल्या खेपेला एक झालं. दुसऱ्या खेपेला तिळं. आता कोण गुलाम आणि कोण मोकळं? निकाल असा की मुलं काही एकदम बाहेर येत नाहीत. एकूण तिसरं, म्हणजे तिळ्यांतलं दुसरं, आलं त्याच क्षणी आई मोकळी झाली, म्हणून सगळ्यांत शेवटी आलेलं तेवढं जन्मतःच मोकळं. मी इंजिनिअर. मी म्हणालो, "म्हणजे दोन मिनिटं आधी आलेला भाऊ गुलाम? हा काय न्याय झाला?" "न्याय नाही, फट आहे," तू म्हणालास. "वकीलसाहेब जन्मभर फटी शोधत बसले. जिथं शंका, तिथं निकाल मोकळीकीच्या बाजूनं." मग तू गिरणीतल्या बदली कामगारांच्या तुझ्या जुन्या केसेस सांगायला लागायचास आणि माझा होमवर्क राहून जायचा.

आता गणपतीचं. लिहायचं टाळतो आहे, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

तुला येऊन महिनाही झाला नव्हता. लेले काका इथं वीस वर्षं शिकवतात. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती आणि गावातल्या झाडून सगळ्या मराठी माणसांना जेवण. मीच तुला ओढून नेलं. "आरतीला उभा राहणार नाही, जेवायला येतो," हे तू आधीच सांगितलं होतंस आणि त्यात अवघड काही नव्हतं, निम्मी पोरं आरतीच्या वेळी बेसमेंटमध्ये फुटबॉल बघत होती. दारातच काकू भेटल्या. हातात पळी, कपाळावर घाम, तोंडभर हसू. "ये रे फडके. आणि हे कोण? आडनाव काय आपलं?"

तू तोंड उघडलं होतंस. 'ग' माझ्या कानावर आला, शपथेवर सांगतो. आणि मी मध्येच म्हणालो, "माझा मावसभाऊ हो, काकू. मनोहर. घरचाच आहे."

मावसभाऊच का, तर चुलतभावाचं आडनाव एक असावं लागतं, मावसभावाचं वेगळं असलं तरी चालतं. बघ किती पटकन सुचलं. परीक्षेत कधी सुचत नाही.

"मग आपलं-बिपलं कशाला? ये रे मनोहर," म्हणत काकू तुला आत घेऊन गेल्या. तू वळून माझ्याकडे एकदा बघितलंस. मग तू पाच मोदक खाल्लेस, काकांशी अमेरिकन युनियनांवर तासभर वाद घातलास, सगळ्यांना आवडलास. परत येताना गाडीत मी आपणहून सुरू केलं. "उगाच प्रश्न नकोत म्हणून म्हटलं रे. ते लोक तसे नाहीत."

"तसे नाहीत, तर मग कशाला?"

"अरे यार, तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मला वाटलं असतं, की तुला?"

"इथं रस्त्यात हरणं आडवी येतात, मला नीट ड्राइव्ह करू दे," मी म्हणालो. त्या रस्त्यावर हरीण काय, ससाही आला नाही.

तिसऱ्या दिवशी सिंकपाशी उभा राहून म्हणालास, "रोममध्ये गुलाम मोकळा झाला की त्याला मालकाचं नाव लागायचं. पहिली दोन मालकाची, शेवटचं तेवढं त्याचं स्वतःचं. मालकाला वाटायचं, केवढी मेहेरबानी केली." मी ओळखलं, रोख कुठं आहे ते. चूक कबूल करायची सोडून मी वाद घातला, तो तर आमच्या पेठेतला कुळाचार. "पण तुझ्या वकीलसाहेबांनी तरी कुठं लिहिलंय, की मी गुलामाचा नातू? एका तरी तुकड्यात? त्यांनीही लपवलंच की!"

तू हातातलं पातेलं खाली ठेवलंस. "त्यानं सांगितलं नाही, ते त्याचं त्यानं ठरवलं. माझं तू ठरवलंस."

"बरं बाबा, पुढच्या वेळी सांगतो काकूंना," मी म्हणालो.

त्यानंतर आपण चार वर्षं त्या घरी जात होतो. संक्रांत, पाडवा, कुणाचं बारसं, कुणाचा ग्रीन कार्ड मिळाल्याचा चहा. पुढची वेळ दर महिन्याला येत होती. तुझं आडनाव पुन्हा कुणी विचारलं नाही, घरच्या माणसाचं कोण विचारतं?

दुसऱ्या वर्षी पितृपक्षात तर कहर झाला. काकूंचा फोन आला. काकांच्या आईचं श्राद्ध. "अरे, इथं ब्राह्मण कुठून आणू मी? तुम्ही दोघे या, तू आणि मनोहर. अमेरिकेत कसलं आलंय सोवळं, नुसतं पोटभर जेवून जा." रिसीव्हरवर हात ठेवून मी तुला सांगितलं. मला वाटलं, आता तू घर डोक्यावर घेणार. तू हसत सुटलास. हसता हसता कार्पेटवर बसलास, डोळे पुसलेस. आणि मग हसू थांबलं. "सांग आता," म्हणालास. पलीकडे काकू हॅलो हॅलो करत होत्या आणि मी खांबासारखा उभा. मनात एकच हिशेब, की आता सांगितलं तर काकू म्हणतील वर्षभर खोटं बोललास. शेवटी तूच उठून माझ्या हातातून फोन काढून घेतलास. "काकू, मनोहर बोलतोय. माझं सेमिनार आहे हो त्या दिवशी, कॅन्सल करता येत नाही. फडके येईल."

फोन ठेवून तू म्हणालास, "मी कोण आहे याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. तुझी अब्रू राखायला."

मी एकटा गेलो. मला वाटलं होतं, घास घशाखाली उतरणार नाही. उतरला. आमसुलाची चटणी उत्तम झाली होती, खीर मी दोनदा मागून घेतली.

घरी आलो तर तू वाचत बसला होतास. पुस्तकातून मान वर न काढता म्हणालास, "मोकळ्या झालेल्या गुलामाला जुन्या मालकावर दावा लावायचा तर आधी न्यायाधिकाऱ्याची परवानगी काढावी लागायची. फडक्या, तुझ्यावर दावा लावायला मी कुणाची परवानगी काढू?" थट्टेत म्हणालास. मीही थट्टेत हसलो आणि आंघोळीला गेलो.

तू निघून का गेला नाहीस? दुसरा रूममेट सहज मिळाला असता तुला. हे मला खरंच विचारायचं होतं. विचारलं असतं तर तू काहीतरी तिरकस बोलला असतास आणि मला बरं वाटलं असतं. माझ्या पीएच. डी.च्या तोंडी परीक्षेत मी पहिल्यांदा आपटलो तेव्हा परतीच्या तिकिटाची चौकशी करून आलो होतो. सिरॅमिक्समधलं तुला ओ की ठो कळत नव्हतं, तरी तू रोज संध्याकाळी मला खुर्चीत बसवून साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी माझी घेतलीस. "हे तुला कसं माहीत? कुणी बघितलं? पुरावा काय?" दीड महिना. दुसऱ्या वेळी मी पास झालो तो तुझ्यामुळे, आणि आईला फोनवर सांगितलं की एका मित्रानं मदत केली. आईनं विचारलं, "कोण रे?" मी म्हणालो, "आहे एक नागपूरचा." गजभिये, सख्ख्या आईपाशीही मी तुझं आडनाव गिळलं.

तुझं खरं काम होतं ते त्या तुकड्यांत कुठलं वाक्य वकीलसाहेबांचं आणि कुठलं नंतरच्या संग्रहकारांनी त्यांच्या तोंडी घुसडलेलं हे ओळखण्याचं. ते कसं ओळखतोस, असं मी एकदा विचारलं होतं. "जे वाक्य फार सोयीचं वाटतं, तिथं शंका घ्यायची. माणूस खरं बोलतो तेव्हा ते कुणाच्या तरी अडचणीचं असतं." मला तेव्हा ते फक्त हुशारीचं वाटलं. 'घरचाच आहे' हे किती सोयीचं वाक्य होतं, हे मला तू गेल्यावर कळलं आहे.

तू गेलास त्याच्या आदल्या शनिवारी माझ्या हातात चार पत्रकं ठेवलीस. डिपार्टमेंटमध्ये वकीलसाहेबांच्या कारकिर्दीवर तुझं व्याख्यान होतं, या शुक्रवारी. वर ठळक अक्षरांत 'मनोहर गजभिये, नागपूर'. "लेल्यांकडे देऊन ये. मी नाही देत, तू दे. त्यांना येऊ दे, फळ्यावर माझं नाव वाचू दे, मग प्रश्नोत्तरं होतील." तू मला चार वर्षांनी एक फट काढून दिली होतीस. मला तोंडानं काहीच सांगायचं नव्हतं, नुसता कागद द्यायचा होता. मी पत्रकं बॅगेत टाकली. मनात ठरवून टाकलं होतं की तुला सांगायचं, काका-काकू त्या दिवशी गावाला आहेत.

मंगळवारी दुपारी तू लायब्ररीतल्या तुझ्या टेबलापाशी कोसळलास. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, म्हणाले. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर नातं विचारलं होतं. माझ्या शेजारी काका उभे होते. मी 'कझिन' लिहिलं.

ताईंच्या शाळेत फोन लावला. त्या तिथं हेडमिस्ट्रेस आहेत, तुला त्यांनीच वाढवलं, हे सगळं मला तुझ्याकडून ठाऊक होतं. फोनवर येऊन त्या "जयभीम" म्हणाल्या. तू नेहमी ज्या आवाजात उत्तर द्यायचास तो मी शंभरदा ऐकलेला, आणि मी म्हणालो, "हॅलो." सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "त्रास झाला का त्याला?" डॉक्टर नाही म्हणाले होते, मी तसं सांगितलं. "इतक्या लांबून आणायचं नका बघू. तिथंच करा. आपल्या पद्धतीनं करा, भाऊ. त्याच्या ड्रॉवरमध्ये वंदनेची पुस्तिका असेल. त्रिशरण, पंचशील, बस. कुणीही म्हटलं तरी चालतं." मी "हो ताई" म्हणालो.

तोवर काकूंनी गुरुजींना सांगून ठेवलं होतं. "तुला काही बघायचं नाही फडके, भाऊ गेलाय तुझा." सगळे मला भेटायला येत होते, पाठीवर हात ठेवत होते, डबे आणत होते. ते दुःख माझं खरंच होतं, पण ज्या नात्यानं मी ते घेत होतो ते मी चोरलेलं होतं. आता सांगितलं तर हे सगळे हात मागे जातील, एवढंच मला दिसत होतं. मग गुरुवार आला आणि मी 'अत्री' म्हणालो. घरी येऊन पुस्तिका उघडली. अक्षरं देवनागरीच, वाचता येत होती. तुझ्या रिकाम्या खोलीत उभं राहून मी मोठ्यानं वाचायला गेलो आणि दुसऱ्या ओळीवर पुस्तिका मिटून ठेवली.

मला पकडलं काकांनी. शनिवारी गाडीतून सोडायला आले होते. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "फडके, एक विचारू? मावसभावाचं गोत्र तुझं कसं? दोघी बहिणी अत्रीतच दिल्या होत्या का?" काकांनीही वाट काढून दिली होती बघ. हो म्हटलं असतं तर सिग्नल हिरवा झाला असता आणि विषय संपला असता. मी म्हणालो, "तो माझा मावसभाऊ नव्हता." आणि मग जे तोंड सुटलं ते घरापर्यंत थांबलं नाही. काकांनी गाडी वळवली आणि मला त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. "आता हेच हिला सांग."

काकू ऐकत राहिल्या. "म्हणजे ते..." एवढं म्हणून त्यांनी पुढचा शब्द आवरला. मी त्याच शब्दाला चार वर्षं भीत होतो. त्या उठल्या, ओटा पुसला, पुन्हा बसल्या. "मला श्राद्धाचं आठवतंय," म्हणाल्या. "पोरानं किती गोड आवाजात नाही म्हटलं." मग त्यांचा आवाज चढला. "मी काय केलं असतं रे? हाकललं असतं त्याला? कदाचित मनात काही आलं असतं, नाही म्हणत नाही. पण ते माझं मी बघितलं असतं. तू कोण ठरवणारा?" गजभिये, तू जे सिंकपाशी म्हणाला होतास तेच काकू म्हणाल्या, आणि तुम्हा दोघांची त्यावर कधी भेटच होऊ दिली नाही मी. निघताना त्यांनी विचारलं, "त्याच्या बहिणीला सांगितलंस?"

काल संध्याकाळी, म्हणजे तिथं शाळा भरायच्या वेळी, ताईंना फोन लावला. या वेळी मी आधी जयभीम म्हणालो. त्यांनी उत्तर दिलं आणि विचारलं, "झालं ना नीट?" मी सांगितलं, नीट नाही झालं. मावसभाऊ, श्राद्ध, पत्रकं, गोत्र, खिशातली पुस्तिका, काही ठेवलं नाही. मागे मुलांच्या प्रार्थनेचा आवाज येत होता, तो संपला.

मग म्हणाल्या, "तो पत्रात लिहायचा तुमच्याबद्दल. फडक्या चांगला आहे, फक्त घाबरट आहे, असं."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मेल्यावर स्वतःचं गोत्र दिलंत त्याला. जिवंतपणी त्याचं आडनाव तेवढं राहू दिलं असतंत तर आम्हाला चाललं असतं."

"ताई, मला माफ..."

"ते मला नका मागू. अस्थी घेऊन तुम्ही येणार ना? या. रविवारी आमच्या विहारात सगळी वस्ती जमते. आधी तुमचं पूर्ण नाव सांगायचं, मग त्याचं. आणि आत्ता मला सांगितलंत ते सगळं तिथं उभं राहून सांगायचं, पहिल्यापासून. मग ते काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं."

मी हो म्हणालो. गजभिये, मी हो म्हणून बसलो आहे आणि मला भयंकर भीती वाटते आहे.